वर्ग सजवण्याआधी तो रिकामा करा

माझा पहिला वर्ग मी आठवडाभर खपून सजवला होता. चारही भिंतींवर तक्ते, छताला टांगलेले पुठ्ठ्याचे तारे, खिडकीच्या काचांवर फुलपाखरं, दारावर सुविचार, आणि फळ्याच्या चौकटीलासुद्धा झालर. पहिल्या दिवशी सात वर्षांची एक मुलगी दारातच थबकली. तिने सगळीकडे मान फिरवून पाहिलं आणि विचारलं, "बाई, यातलं बघायचं काय?"

मला तेव्हा राग आला होता. आता दरवर्षी वर्ग लावताना तोच प्रश्न मी स्वतःला विचारते.

नव्याने शिकवायला लागलेल्या अनेकांना वर्गात काहीतरी 'आध्यात्मिक' असावं असं वाटतं आणि तिथून थेट खरेदी सुरू होते: शांत चित्रं, मंद संगीत, ध्यानाच्या गाद्या. यातलं बहुतेक काही लागत नाही. लागतो तो वेळ, थोडी निरीक्षणशक्ती आणि काढून टाकण्याची तयारी.

आधी शब्दाचा अर्थ ठरवून घ्या

इथे आध्यात्मिक म्हणजे धार्मिक नव्हे. मुलाला आतलं जग असतं. ते घाबरतं, हरखतं, एखाद्या मुंगीकडे दहा मिनिटं बघत राहतं, मेलेल्या पाखराबद्दल असे प्रश्न विचारतं की आपली बोलती बंद होते. या आतल्या जगाला वर्गात जागा आहे का, एवढाच मुद्दा आहे. एक साधी कसोटी सांगते: या खोलीत मूल एकाग्र होऊ शकतं का, त्याला नवल वाटू शकतं का आणि वाईट वाटलं तर ते लपवल्यावाचून बसू शकतं का? पुढचं सगळं या कसोटीवर घासून बघा. माझी एखादी सूचना त्यात बसत नसेल, तर ती खुशाल सोडून द्या.

पायरी १: गुडघ्यांवर बसून खोली बघा

शाळा भरायच्या आधी, कोणी नसताना, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर या. दारातून आत या आणि प्रत्येक बाकावर पाच मिनिटं बसा. हो, प्रत्येक. कंटाळा येईल, पण कुठल्या बाकावरून फळा चकाकतो, कुठून फक्त कपाटाची पाठ दिसते, कुठे पंख्याची घरघर डोक्यावर येते, हे उभ्याने कधीच कळत नाही. माझ्या वर्गात एका कोपऱ्यातल्या बाकावरून समोर केवळ कचऱ्याची टोपली दिसायची. त्या जागेवर बसणारी मुलं कायम चुळबुळतात, असं मी आदल्या वर्षी प्रगतिपुस्तकात लिहिलं होतं.

मोबाईलवर त्याच उंचीवरून फोटो काढून ठेवा. वर्षाच्या मध्यावर पुन्हा काढा. मधल्या काळात किती पसारा साठला, तो फोटो सांगतो.

पायरी २: काढा

नवे शिक्षक नेमके इथे अडखळतात, म्हणून इथे जरा थांबते.

रिकामी भिंत बघितली की आपल्याला अपराधी वाटतं. कोणी पाहणीला आलं तर आळशी म्हणतील, अशी भीती असते. पण कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. बालवाडीच्या वयाच्या 24 मुलांना त्यांनी काही धडे भरगच्च सजवलेल्या खोलीत आणि काही साध्या खोलीत शिकवले. सजवलेल्या खोलीत मुलांचं लक्ष 38.6 टक्के वेळ भलतीकडे होतं, साध्या खोलीत 28.4 टक्के. नंतरच्या चाचणीत साध्या खोलीतली 55 टक्के उत्तरं बरोबर आली, सजवलेल्या खोलीतली 42 टक्के. प्रयोग लहान आहे, त्याचा धर्मग्रंथ करू नये. पण माझ्या ताऱ्यांना त्याने चांगलंच जमिनीवर आणलं.

उलट टोकही बरं नाही. इंग्लंडमधल्या सॅलफर्ड विद्यापीठाच्या गटाने 27 प्राथमिक शाळांतले 153 वर्ग आणि 3766 मुलं अभ्यासली. 2015 मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार अगदी ओक्याबोक्या आणि अगदी गजबजलेल्या, अशा दोन्ही वर्गांत मुलांची प्रगती कमी पडत होती. मधला पट्टा चांगला.

तेव्हा भिंतीवरचं सगळं उतरवा आणि एका ढिगात ठेवा. मग एकेक वस्तू हातात घेऊन विचारा: ही कोणासाठी लावली होती? मुलांसाठी, पालकांसाठी, पाहुण्यांसाठी की माझ्या समाधानासाठी? मुलांसाठी असलेलंच परत वर जाईल, आणि तेही आत्ता ज्याची गरज आहे तेवढंच. फळ्याची भिंत मोकळी ठेवा, कारण मुलांची नजर दिवसभर तिथेच असते. एक भिंत पूर्ण रिकामी ठेवून बघा. पहिले चार दिवस ती तुम्हाला खुपेल. मुलांना खुपत नाही. नजरेला टेकायला जागा मिळते.

सुविचारांबद्दल एक आगाऊ मत: भिंतीवरचा सुविचार तिसऱ्या दिवसापासून कोणी वाचत नाही. 'खरे बोलावे' असं लिहिलेल्या भिंतीखाली मी स्वतः मुलांना "साहेब आले तर आपण रोज कवायत करतो असं सांगा" म्हटलेलं आहे. मुलांनी काय वाचलं असेल ते तुम्हीच ठरवा.

पायरी ३: उजेड, हवा, आवाज

मन शांत करायच्या गप्पा मारण्याआधी शरीराला त्रास होत नाही ना ते बघा. सॅलफर्डच्या त्याच अभ्यासात वर्गाच्या रचनेमुळे पडणाऱ्या फरकापैकी सुमारे निम्मा वाटा उजेड, तापमान आणि हवा यांचा होता.

खिडकीतला उजेड हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वाया घालवला जाणारा ऐवज आहे. काचांवरची फुलपाखरं काढा. खिडकीसमोरचं कपाट हलवा. ऊन थेट वहीवर पडत असेल तर पातळ पडदा लावा, जाड नको.

हवेचं सोपं गणित असं: बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे 420 पीपीएम, म्हणजे हवेच्या दर दहा लाख भागांत 420 भाग असतो. भरलेल्या, बंद वर्गात तो 1000 च्या वर सहज जातो आणि खोलीत पुरेशी हवा खेळत नसल्याची ती खूण मानली जाते. मोजायचं यंत्र नसलं तरी चालेल. तास संपल्यावर पाच मिनिटं बाहेर जाऊन परत आत या, नाक सांगेल. मधल्या सुट्टीत दारं-खिडक्या उघडण्याचं काम दोन मुलांकडे द्या.

आवाजाकडे सहसा कोणी बघतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1999 च्या मार्गदर्शक सूचनांत वर्गातला पार्श्वभूमीचा आवाज 35 डेसिबलच्या आत असावा आणि घुमण्याचा काळ, म्हणजे आवाज थांबल्यावर तो विरून जायला लागणारा वेळ, साधारण 0.6 सेकंद असावा असं म्हटलं आहे. आपले बहुतेक वर्ग यापासून कोसभर दूर असतात. कडक भिंती, कडक फरशी, लोखंडी बाकं. खुर्च्यांच्या पायांना जाड कापडाचे तुकडे चिकटवा, मागच्या भिंतीवर कापडी फलक लावा, एका भागात सतरंजी अंथरा. एवढ्याने घुमणं बरंच उतरतं. मग तुमचा स्वतःचा आवाज उतरतो, आणि त्याच्यामागे मुलांचा.

पायरी ४: उंबरठा

मूल वर्गात येतं तेव्हा घरचं काहीतरी घेऊन येतं. भांडण, अर्धवट झोप, आजारी आजी. ते खाली ठेवायला दोन क्षण मिळाले पाहिजेत. ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनर यांच्या विचारावर 1919 मध्ये जर्मनीतल्या श्टुटगार्टला पहिली वॉल्डॉर्फ शाळा निघाली. त्या परंपरेच्या शाळांत शिक्षक सकाळी दारात उभे राहून प्रत्येक मुलाशी हात मिळवतात. हातच मिळवायला हवा असं नाही. नावाने हाक, डोळ्याला डोळा, बास. ज्या मुलाला स्पर्श नको असतो त्याच्यावर लादू नका.

दाराच्या आतला हातभर भाग मोकळा ठेवा. दप्तरांची, चपलांची गर्दी तिथे नको. आत शिरल्याशिरल्या एक शांत गोष्ट दिसावी: पाण्यात ठेवलेली फांदी, एखादा दगड, आदल्या दिवशी कोणीतरी काढलेलं चित्र. आणि हजेरीपटात मान घालून बसू नका. ती दहा मिनिटांनी घेतली तरी आभाळ कोसळत नाही.

पायरी ५: शांत कोपरा, आणि तो कसा बिघडतो

जागा फार लागत नाही. सतरंजीचा तुकडा, एक उशी, पाठीला भिंत, एका बाजूने कपाटाचा आडोसा. आडोसा कमरेएवढाच, मूल तुम्हाला दिसलं पाहिजे आणि बसल्यावर त्याला मात्र आडोशात असल्यासारखं वाटलं पाहिजे. वाळूचं घड्याळ ठेवा. सोबत एखादी वस्तू जी हातात धरावीशी वाटेल: शिंपला, गुळगुळीत लाकूड. पुस्तक ठेवायचंच तर एक ठेवा. पाच ठेवली की तो वाचनकोपरा होतो. तोही चांगला, पण वेगळा.

नियम मुलांसोबत ठरवा. माझ्या वर्गातले असे होते: एका वेळी एकच जण. कोणाला विचारायची गरज नाही. तिथे बसलेल्याशी कोणी बोलायचं नाही, बाईंनीसुद्धा नाही. वाळू संपली की उठायचं किंवा घड्याळ एकदाच उलटं करायचं.

पहिल्या पंधरवड्यात सगळे जण गंमत म्हणून जातील. जाऊ द्या. त्यानंतर खरी गिऱ्हाइकं दिसायला लागतात.

आता बिघाडाबद्दल. एका वर्षी मी आठवडाभर रजेवर होते. परत आले तर कोपऱ्यात कोणी फिरकेना. चौकशी केल्यावर कळलं, माझ्या जागी आलेल्यांनी दंगा करणाऱ्याला तिथे बसवायला सुरुवात केली होती. पाच दिवसांत शांत कोपऱ्याची कोठडी झाली. मी उशी बदलली, सतरंजी बदलली, काही उपयोग नाही. शेवटी कोपरा मोडून खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या नावाने उभा करावा लागला. म्हणून ही जागा शिक्षेसाठी कधीही वापरायची नाही, आणि हे बदली शिक्षकासाठी चिठ्ठीवर ठळक लिहून ठेवायचं. 'जा, तिथे जाऊन शांत हो' हे गोड आवाजात म्हटलं तरी शिक्षाच असते. "तुला हवं असलं तर कोपरा मोकळा आहे" असं म्हणा, आणि नको म्हटलं तर सोडून द्या.

एखादं मूल रोज, बराच वेळ तिथे जायला लागलं तर तो कोपऱ्याचा दोष नाही. त्याच्याशी सवडीने बोला. गरज वाटली तर शाळेतल्या समुपदेशकांना सांगा. कोपरा सोबत करतो, उपचार करत नाही.

पायरी ६: वस्तू मुलांच्या हाताशी

मारिया माँटेसरी यांनी 6 जानेवारी 1907 रोजी रोमच्या सान लोरेंझो वस्तीत आपली पहिली बालशाळा सुरू केली. सुरुवातीला साहित्य कपाटात कुलूपबंद असायचं आणि शिक्षिका ते वाटायच्या. एक दिवस कुलूप लावायचं राहिलं, आणि मुलांनी स्वतःच हवं ते काढून काम सुरू केलं. त्यातून पुढे बुटकी, उघडी कपाटं आली. माँटेसरींनी फर्निचरही मुद्दाम हलकं करून घेतलं. धसमुसळेपणाने वागलं की खुर्ची पडते, आवाज होतो, आणि मुलाला कोणी न ओरडताच स्वतःची हालचाल कळते.

मला यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो विश्वास. फुटू शकणारी वस्तू मुलाच्या हातात देणं म्हणजे 'तू सांभाळशील' असं न बोलता सांगणं. काचेचं एक लहान फुलपात्र वर्गात ठेवा. ते फुटेल. फुटल्यावर तुम्ही काय करता त्याकडे तीसएक डोळे लागलेले असतील. आधी कोणाला लागलं का बघा, काचा तुम्ही स्वतः उचला, बाकीची जमीन त्या मुलासोबत झाडा, आणि दुसऱ्या दिवशी नवं फुलपात्र भरायला त्याच मुलाला सांगा.

याच्याच जोडीला नवलाची फळी करा: भिंतीला लावलेली एकच फळी, आणि तिच्यावर एका वेळी एकच वस्तू. वाळलेलं बोंड, मधमाश्यांचं सोडलेलं पोळं, कोरड्या शेंगा, जुनं कुलूप. खाली चिठ्ठी नको, माहिती नको. आठवडाभर फक्त असू दे. फळीवर ठेवलेलं पीस भिंगातून बघणाऱ्या एका मुलाने मला विचारलं होतं, "हे विणलं कोणी?" मी उत्तर द्यायच्या बेतात होते, नशीब, तेवढ्यात घंटा झाली. त्याने तो प्रश्न दोन दिवस सोबत वागवला.

पायरी ७: भिंतीवर कोणाची जागा

सगळ्यांची. फक्त सुबक कामं लावली की उरलेल्या मुलांना रोज सकाळी आपलं नसणं दिसतं. प्रत्येक मुलाला एक ठरावीक चौकोन द्या. त्यात काय लावायचं आणि कधी बदलायचं ते त्याने ठरवावं. रिकामा ठेवायचा असेल तर तोही अधिकार त्याचा. इटलीतल्या रेज्जो एमिलियाच्या बालशाळांमागचे विचारवंत लोरिस मालागुत्सी परिसराला वर्गातला तिसरा शिक्षक मानत. तिथे तयार चित्राइतकंच ते कसं घडत गेलं त्याचे टप्पेही भिंतीवर दिसतात: पहिली रेघ, खोडलेलं, मुलाने त्या वेळी काय म्हटलं ते. हे उचलण्यासारखं आहे. खाडाखोड भिंतीवर आली की चुकण्याची भीती आपसूक कमी होते.

तारे, क्रमांक, वर्तनाचे लाल-हिरवे तक्ते मी भिंतीवर लावत नाही. याबाबत माझं मत कोणाशी जुळो न जुळो.

पायरी ८: वेळेतली मोकळी जागा

खोली कितीही सुरेख लावली आणि तास ठासून भरला, तर उपयोग शून्य. वेळेलाही भिंती असतात.

मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने वर्गातल्या ध्वनिफिती ऐकून दाखवून दिलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादाच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांबतात, एरवी गप्प बसणारी मुलं बोलायला लागतात. मनात एक-दोन-तीन मोजा. सुरुवातीला हे तीन सेकंद युगासारखे वाटतात.

मग मौनाचा खेळ. एकदा माँटेसरींनी चार महिन्यांचं बाळ वर्गात आणलं आणि ते किती शांत आहे ते मुलांना दाखवलं. मुलं श्वाससुद्धा जपून घ्यायला लागली. त्यातून हा खेळ तयार झाला: सगळे निश्चल बसतात, शिक्षक दूरवरून कुजबुजत एकेकाचं नाव घेतात, आणि ज्याचं नाव आलं ते मूल आवाज न करता उठून येतं. पहिल्या दिवशी तीस सेकंदांवर ताणू नका. कोणी फिसकन हसलं तर खेळ तिथेच संपवा, रागवू नका, परवा पुन्हा करा. मौन ही आज्ञा झाली की ते फक्त गप्प बसणं होतं. आणि डोळे मिटायची सक्ती करू नका; काही मुलांना डोळे मिटल्यावर भीती वाटते, आणि तिचं कारण तुम्हाला ठाऊक नसतं.

पायरी ९: श्रद्धा आणि प्रतीकं

वर्गात वेगवेगळ्या श्रद्धांची, आणि कुठलीच श्रद्धा नसलेल्या घरांतलीही मुलं असतात. शाळाच एखाद्या धर्मपरंपरेची असेल तर तिथली प्रतीकं उघडपणे असतील, त्यात लपवाछपवी नको. एरवी माझा रिवाज असा: खोलीचं सामायिक केंद्र निसर्गातल्या वस्तूंचं ठेवायचं. पाणी, पान, दगड, उजेड यांवर कोणा एकाची मालकी नाही. मुलाने स्वतःच्या चौकोनात घरातलं प्रतीक लावलं तर ते त्याचं. सामूहिक प्रार्थनेऐवजी शांत मिनिट ठेवलं की ज्याला प्रार्थना करायची तो करतो, ज्याला खिडकीबाहेर बघायचं तो बघतो. उदबत्ती किंवा उघडी ज्योत टाळा. दमा आणि आग, दोन्ही खऱ्या गोष्टी आहेत. पालकांना हे सगळं पहिल्याच सभेत, खोलीत बसवून दाखवा.

पायरी १०: रिकामं बाक

हे कोणी आधी सांगत नाही. एखादं मूल शाळा सोडून जातं, क्वचित एखादं दगावतं. दुसऱ्या दिवशी त्याचं बाक हलवलेलं, नाव पुसलेलं असेल तर उरलेली मुलं एवढंच शिकतात की आपणही असेच पुसले जाऊ. घाई करू नका. त्याचा चौकोन काही दिवस तसाच ठेवा, त्यापाशी कागद-पेन्सिल ठेवा. बाक कधी आणि कुठे हलवायचं ते मुलांना विचारा, आणि घरच्यांना काय चालेल तेही आधी विचारून घ्या.

आणि शेवटचं आवरणं

वर्षाअखेरीस खोली एकट्याने उतरवू नका. अर्धा दिवस राखून ठेवा. प्रत्येकाने आपला चौकोन स्वतः मोकळा करायचा, शिंपला धुवायचा, सतरंजी बाहेर नेऊन झटकायची, खुर्च्यांच्या पायांची झिजलेली कापडं सोलून काढायची. नवलाच्या फळीवर पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी काय ठेवायचं ते आपसांत भांडून ठरवू द्या. गेल्या खेपेला पाऊण तास वाद चालला आणि शेवटी त्यांनी फळी पुसून रिकामीच ठेवली. पहिली वस्तू त्या मुलांनीच आणावी, असं त्यांचं म्हणणं पडलं.